अंगठ्याचं मत

एकतीस वर्षं कंडक्टर होतो, वेंगुर्ला डेपो.
रेडीच्या वस्तीच्या गाडीत आतला दिवा बहुधा गेलेलाच,
मोचेमाडच्या उतारावर ड्रायव्हरची विडी तेवढी दिसायची.
तरी सुट्ट्यांत चुकलो नाही कधी.
पाच पैसे चौकोनी.
दहा पैशाला करंजीसारखी मुरड.
वीस पैसे षटकोनी, आणि इतके हलके
की पिशवीला त्यांचा पत्ताच नसायचा.
दोन रुपयांना अकरा कोपरे, मोजलेत मी,
पाचाचं जाडजूड, कडेला मधोमध चर.
डोळे दारातल्या गर्दीवर, हिशेब अंगठ्याकडे.

ज्यांनी ती नाणी आखली
त्यांच्या घरात कुणी आंधळं असावं,
निदान रात्रीच्या गाडीने कुणी माहेरी गेलेलं असावं.
हे माझं मत. मला कोणी विचारलेलं नाही.

आता एक आणि दोन जुळी भावंडं,
आईलाही ओळखू येऊ नयेत अशी.
दहाचं नाणं तेवढं चांगलं, दुरंगी, हाताला लागणारं,
तर नेमकं तेच बाजारात कोणी घेत नाही.
‘ह्यां चलना नाय,’ म्हणते कार्मेलीन
बांगड्यांचा वाटा पुढे सरकवत.

नोटांच्या रंगांबद्दल तक्रार नाही.
जांभळी, नारिंगी, निळी, जत्रेतल्या भिरभिऱ्यांसारख्या.
पण शालनच्या डोळ्यांतून रंगच आधी गेले.
म्हणून फुटपट्टी घेऊन बसलो एका दुपारी:
शंभर ते दोनशे, फरक चार मिलिमीटर.
दोनशे ते पाचशे, पुन्हा चार.
कडेला उठावाच्या रेघा आहेत, मान्य.
बँकेतून येते तेव्हा लागतात बोटाला;
मासळीबाजार दोनदा फिरली की
नोट सौंदाळ्याच्या पोटासारखी गुळगुळीत.

‘बाये, ही दोनशेची गो,’
कार्मेलीनने परत दिली, सगळ्यांसमोर.
घरी येऊन शालन त्याबद्दल बोलली नाही.
सोलकढीत मीठ मात्र दोनदा पडलं.

आणि ते कपडे धुण्याचं मशीन.
जुन्याला गोल खटका होता, कट कट कट फिरणारा,
तिसऱ्या कटला साडी, पाचव्याला चादरी.
दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये तो गेला
आणि काळी काच आली. सपाट. काचेखाली दिवे.
ओलं बोट तिला कळत नाही
(कपडे धुणाऱ्याचं बोट आणखी कसं असणार?)
पालीचं पाऊल मात्र लगेच कळतं.
धुणं संपलं की गाणं म्हणते, अडतीस सेकंद,
बंद करता येत नाही.

फोन केला. माझा कॉल त्यांना महत्त्वाचा होता,
बावीस मिनिटं महत्त्वाचा होता.
विचारलं, हिला खटका बसवून मिळेल का?
मुलगी म्हणाली, सर, मॉडेल नंबर?
नंबर पाठीमागे, भिंतीकडे, आणि तोही खाल्लेला.
मग कुडाळहून इंजिनिअर आला,
पन्नास पावलांवरचा समुद्र बघून म्हणाला,
खारी हवा वॉरंटीत बसत नाही.
म्हटलं, हवा इथलीच आहे, बाबा.
मशीन बाहेरून आलंय.
चहा घेऊन गेला.

शेवटी शालननेच मखमली टिकल्या काढल्या.
‘सुरू’वर एक, ‘बंद’वर दोन,
गरम पाण्यावर चंद्रकोर.
काच आता थोडी लग्नघरासारखी दिसते.
चालते. दर पंधरवड्याला टिकली गळून
माझ्या बनियनला चिकटून निघते, तेवढंच.

माझा तिकिटाचा चिमटा
डेपोत परत करायचा राहिला, कपाटात आहे.
शंभराला एक भोक, दोनशेला दोन,
पाचशेच्या कोपऱ्यात अर्धं.
नोटेला असं करू नये, ठाऊक आहे मला,
म्हणून केलेलं नाही.
रात्री कधी काढतो बाहेर, नुसता वाजवतो
खाटेच्या लोखंडी दांड्यावर. टक, टक.
अंधारातून शालन विचारते,
‘खयचो स्टॉप इलो?’